निळ्या घड्यावरच्या बायका

आमच्या घरातल्या निळ्या घड्यावर बायका किती, हे मला कधीच छातीठोकपणे सांगता आलं नाही. घडा माझा, काचेचं कपाट माझं, दर रविवारी दाढीच्या मऊ ब्रशनं धूळ काढायची तीही मीच. पण कुणी विचारलं की मी म्हणायची, "सहा. नाही, थांबा. सात असतील." घडा गोल, आणि त्याच्या पोटाभोवती बायका एकमेकींचे हात धरून फेर धरून नाचतायत. मोजायला सुरुवात कुठून करायची? घडा फिरवत फिरवत मोजावं, तर निम्म्यावर आलं की पहिली कोणती तेच विसरायला व्हायचं. सगळ्या सारख्याच. तेच मागं उडणारे केस, तोच उचललेला पाय. माझ्या नवऱ्यानं मोजल्या तेव्हा सहा भरल्या. ज्या चाचांकडून मी तो घेतला ते म्हणाले होते, "सात हैं बाजी, गिन लो." मी तिथंच गिनल्या, तर आठ झाल्या. आता बोला!

ही वस्तू काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माठ. ह्याला स्टोनवेअर म्हणतात. लोणच्याची बरणी असते ना, तिच्याच जातीची, भट्टीत दगडासारखी भाजलेली माती. फरक एवढाच की बरणीला वरून चकाकी असते, ह्याला नाही. हात फिरवला तर पाटीवरून फिरवल्यासारखं वाटतं. रंगही वरून दिलेला नाही, मातीच निळी. धुऊन धुऊन विटलेल्या शाळेच्या गणवेशाची असते तशी निळी. आणि त्यावर पांढऱ्या मातीची उठावाची चित्रं: अंगाला चादरी गुंडाळलेल्या बायका, वेली, पंख असलेली गुटगुटीत पोरं. जुन्या ग्रीक आणि रोमन देवळांवरची शिल्पं बघून विलायतेत कधीकाळी ही फॅशन निघाली, आणि साहेबांच्या सामानातून ती आपल्या छावणीतल्या बंगल्यांत आली म्हणतात. खरंखोटं मला विचारू नका. माझ्याकडच्या काही वस्तूंच्या बुडाला शिक्का आहे, काहींच्या नाही. शिक्केवाल्या खऱ्या की बिनशिक्क्याच्या, ह्यावरून जमवणारे लोक इंटरनेटवर असे काही भांडतात की वाचून माझं डोकं आणखीच उठतं.

आमचं सिडकोत मेडिकलचं दुकान आहे. दिवसभर मी आणि माझा नवरा काउंटरवर. खोकल्याची बाटली, शुगरची गोळी, "हिचाच जोड नाय का दुसऱ्या कंपनीचा?" असं सगळं. एकदा छावणीच्या आठवडी बाजारात मी जुनं कुलूप शोधत होते, आमच्या मागच्या दाराचं. चाचांच्या पथारीवर कुलपांच्या ढिगाखाली एक छोटी निळी बशी निघाली. तळहाताएवढी. तिच्यावर एक बाई झाडाला टेकून बसलेली. कुलूप राहिलं बाजूला, मी बशी घेऊन घरी आले. नवरा म्हणाला, "दाराला बशी लावणार का आता?" तिथून सुरू झालं. बशी, मग एक डबी, मग दोन वाट्या, आणि मग हा दोन कानांचा, झाकणाचा घडा. मला त्यात काय दिसतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. घरात चकचकीत काही असलं की माझी चिडचिड होते. ही निळाई मात्र गप असते. तिच्यासमोर चहा घेऊन बसलं की बरं वाटतं. एवढंच.

आम्हाला मूलबाळ नाही. हे सांगायचं कारण, आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी एकदा कपाटाकडं बघून सुस्कारा सोडला, "तुमची लेकरंच म्हणा की ही." मी तिथल्या तिथं सुनावलं, "भांडं म्हणजे भांडं आणि लेकरू म्हणजे लेकरू. मला फरक कळतो." त्या परत आल्या नाहीत. बरंच झालं.

फरक मला खरंच कळतो. माझ्या थोरल्या जाऊबाई पिशोरजवळच्या आमच्या गावी असतात. शेती, मका, अद्रक, दोन म्हशी, सगळा व्याप त्यांनीच ओढला. वाईट बाई नाही. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरवडाभर माझ्याकडं राहून माझं सगळं केलं त्यांनी. पण त्यांच्या मुलीच्या बारशाला, तेव्हा माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि कूस काही उजवली नव्हती, बाळ सगळ्या बायकांच्या मांड्यांवरून फिरत फिरत माझ्याजवळ आलं. मी हात पुढं केले. जाऊबाई पटकन म्हणाल्या, "तिची दुधाची येळ झाली." आणि उचलून घेऊन गेल्या. पुढं मुलगा झाला तेव्हाही तसंच. तेव्हा त्याला झोप आली होती. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. मुलं मोठी झाली, चालत चालत स्वतःच माझ्याकडं यायला लागली, खाऊ मागायला लागली, तेव्हा त्यांनी कधी अडवलं नाही. पण तान्हं बाळ त्यांनी माझ्या मांडीवर कधी दिलं नाही. हे माझ्या मनात आहे, ते राहणार.

ती मुलगी, माझी पुतणी, सिल्लोडला दिलेली. तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्हीदा पोट रिकामं झालं. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंथरुणावरून उठायचं नाही आणि दवाखान्यापासून लांब राहायचं नाही. आमचं घर दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. मग काय, दिवाणखान्यात काचेच्या कपाटासमोर पलंग टाकला, पुतणी त्यावर, आणि तिचं करायला जाऊबाई गावाहून आल्या. मला आनंद झाला होता, उगाच कशाला लपवू? ह्या खेपेला बाळ जगावं, आणि जगलं तर एकदा तरी माझ्या मांडीवर यावं, एवढं माझं मागणं होतं. कुणाकडं मागायचं ते माहीत नव्हतं.

जाऊबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या, पाणी प्यायल्या, आणि कपाटाकडं बघून एकदम उभ्याच राहिल्या. पदर डोक्यावर घेतला.

"ह्यास्नी हितं कशाला कोंडून ठिवलंस गं?"

"कुणाला?"

"ह्या साती आसरांना!"

शहरातल्या माणसाला सांगावं लागेल. आसरा म्हणजे पाण्यातल्या बायका. सात बहिणी. आमच्या गावच्या जुन्या विहिरीवर त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या पाण्याला राखतात, आणि रुसल्या तर लेकराबाळांना, पोटुशी बाईला धरतात. पोटुशीनं भरदुपारी मोकळ्या केसांनी विहिरीवरून जायचं नाही हा नियम. पुतणी पहिल्या खेपेला माहेरी आली होती तेव्हा गेली होती म्हणे. जाऊबाईंच्या मनात ते तेव्हापासून रुतून बसलेलं. आणि इथं बघतात तर काय, मोकळ्या केसांच्या पांढऱ्या बायका निळ्या पाण्यात हात धरून नाचतायत, अन् त्यांची लेक त्यांच्यासमोर पलंगावर.

मी म्हटलं, "बाई, ह्या विलायती आहेत. ग्रीक बायका आहेत ह्या!"

"असू दे की," जाऊबाई म्हणाल्या. "पाणी तिकडं बी असतंच."

मी त्यांच्या पिशव्या उचलून आत नेऊन ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले, तर कपाट उघडं. घड्यावर हळद. कुंकू. दोन्ही कानांत हिरव्या बांगड्या. आणि झाडाला टेकून बसलेल्या बाईच्या माझ्या त्या पहिल्या बशीत दहीभात! माझं टाळकंच सटकलं. "कप्पाळ माझं! अहो बाई, ह्याला वरून चकाकी नसते! हळद खाचेत गेली की निघत नाही! देव घरात चार आहेत, त्यांना काय धाड भरलीय?" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण गॅलरीत आली. जाऊबाई शांतपणे हात जोडून उभ्या. आणि पलंगावर पुतणी हसायला लागली. आल्यापासून पहिल्यांदा. तोंडावर चादर घेऊन हसत होती, पोटावर हात धरून. "काकू, त्या बशीतला भात कावळ्याला देऊ का ग्रीकांना?" जाऊबाई तिला रागावल्या, मला हसू यायला लागलं, आणि रागवायचं राहूनच गेलं.

दुपारी जाऊबाई झोपल्यावर मी फडकं ओलं करून कपाटापाशी गेले. हळद पुसून टाकायची म्हणून. आणि फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. माझा ह्या असल्या गोष्टींवर विश्वास नाही. औषधाच्या दुकानात बसणारी बाई मी. गर्भ का पडतो ते मला चारचौघींपेक्षा जास्त कळतं. पण पुसलं, आणि समजा संध्याकाळी काही झालं? मग तेव्हा मी कशावर विश्वास ठेवणार होते? मला माझाच भरवसा वाटेना. फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि चहा करून घेतला.

मग ते रोजचंच झालं. आमच्याकडं नळाला पाणी येतं ते आठवडाभरानं कधीतरी. त्या दिवशी सगळी कॉलनी मोटारी, पाइप, टाक्या ह्यात. जाऊबाई नळाचं पहिलं पाणी तांब्यात धरायच्या आणि घड्यात ओतायच्या. म्हणायच्या, "पाण्यातल्या बाया अन् कोरड्या ठिवल्यास. मग नळाला पाणी येईल का?" झाकण मधे मधे येतं म्हणून त्यांनी ते काढून वरच्या फळीवर ठेवलं. मी रोज ठरवायची, आज सांगायचं, बास झालं. रोज पुतणी विचारायची, "काकू, आज कितव्या महिन्यात आले गं मी?" तिला माहीत असायचं. तिला ऐकायचं असायचं. मग मी सांगायची, आणि घड्याचा विषय राहून जायचा.

वेळ जात नाही म्हणून पुतणी पडल्या पडल्या बायका मोजायची. मी घडा तिच्यापुढं हळूहळू फिरवायची. एक दिवस सहा, एक दिवस आठ. "काकू, ही आत्ताच गेली होती ना? परत आली बघ!" आम्ही दोघी हसायचो. एकदा मी जाऊबाईंना म्हटलं, "तुम्ही तरी मोजा. सात नसतील तर आसरा कसल्या?" त्या म्हणाल्या, "देवाला मोजत्यात का? साती आसरा म्हणल्यावर सातच." माझ्या नवऱ्याला हे फार पटलं. गोळ्यांच्या पट्ट्या मोजून मोजून वैतागलेला माणूस तो.

सातव्या महिन्यात एका दुपारी पुतणीच्या कमरेत कळ आली. पांढरीफटक पडली. जाऊबाई आणि माझा नवरा तिला दवाखान्यात घेऊन गेले, मी मागं राहिले, कपडे आणि फाइल घ्यायला. पिशवी भरली. निघताना बघितलं, त्या गडबडीत घड्याची पूजा राहिली होती. कालचं कुंकू सुकून गेलेलं. मी चप्पल घातलेली, पिशवी खांद्याला, दारापर्यंत गेले आणि परत आले. शेवटी चप्पल काढली, देवघरातून कोयरी आणली आणि समोर जी होती तिला कुंकू लावलं. तोंडानं म्हणाले, "बघा हं बायांनो." जाऊबाईंची रीत मोडू नये म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगितलं. पण रडायला कशाला आलं मग? ते कळलं नाही. डोळे पुसून पळत गेले. कळ थांबली होती. इंजेक्शननं थांबली, डॉक्टरीणबाईंनी मला इंजेक्शनचं नावसुद्धा सांगितलं, ते आमच्याच दुकानातलं होतं. तरीही.

दिवस भरले आणि मुलगी झाली. धडधाकट. एवढंसं नाक आणि आवाज मात्र आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाणारा. मी पेढे वाटले, डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात पडले, नको नको म्हणताना वॉचमनलाही पेढा भरवला. जाऊबाईंनी बाळ दुपट्यात गुंडाळून सगळ्यांना लांबून दाखवलं. मी जवळ गेले. हात स्वच्छ धुतलेले. त्या म्हणाल्या, "सव्वा म्हैना कुणाच्या हातात द्यायची नाय." म्हटलं ठीक आहे, नियम तो नियम. थोड्या वेळानं मी थर्मास घेऊन परत आले, तर बाळ माझ्या नवऱ्याच्या हातात! तो बावळटासारखा हसत उभा. मग 'कुणाच्या' म्हणजे कुणाच्या? तो 'कुणी' नाही आणि मी 'कुणी' आहे? का मी नसताना त्यांना कुणाला तरी देऊन बाथरूमला जायचं होतं? मी थर्मास टेबलावर आपटला. चहा कुणी घेतला माहीत नाही.

सव्वा महिना होत आला तसा विहीर पुजायचा विषय निघाला. आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिन्यानं विहिरीवर जाते, हळदकुंकू वाहते, मग ती पाण्याला हात लावायला मोकळी. जाऊबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "घडा बी न्यावा लागंल."

"घडा कशाला?"

"मी बोलले व्हते त्यास्नी. लेकरू हाती लागू द्या, तुम्हाला तुमच्या पाण्यात नेऊन सोडते."

नवस बोलणाऱ्या त्या, घडा माझा! बाई आपला कोंबडा बोलते, आपली साडी बोलते, आपलं सोनं बोलते. दुसऱ्याच्या कपाटातली वस्तू कुणी नवसाला बोलतं का? मी भडकलेच. नको ते बोलले. गावाकडून यायचं, दुसऱ्याच्या घरात देव मांडायचे, वर त्याच्याच वस्तूचं दान करायचं, असं सगळं. जाऊबाई मेथीची पानं खुडत राहिल्या. "मला काय ठावं तुझा जीव त्यात हाय," एवढंच म्हणाल्या. नवरा म्हणाला, "देऊन टाक की. एक मडकं ते." त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. पुतणी म्हणाली, "काकू, मी दुसरा आणून देईन तुला." दुसरा मिळत नसतो हे तिलाही माहीत होतं.

नाही म्हणावं, तर उद्या पोरीला साधी सर्दी झाली तरी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळणार. आणि खरं सांगू, माझीही वळली असती. हो म्हणावं, तर घडा गेला. आणि ह्याच्याही खाली एक विचार होता, तो मला फार लाजवत होता: दिला, तर जाऊबाई बाळ माझ्याकडं देतील का? म्हणजे हा सौदा होता? कुणी मांडला, त्यांनी का मी? मला काहीच उमगेना. शेवटी मी मधला मार्ग काढला. म्हटलं, "घडा विहिरीवर नेऊ. तिथं पूजा करू, पाणी दाखवू, आणि परत आणू. देवाचं देवाला, माझं मला." जाऊबाई म्हणाल्या, "बघू." आमच्या सासरी 'बघू' म्हणजे हो की नाही, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही.

गाडीत नवरा चालवायला, मागं पुतणी, बाळ आणि जाऊबाई. मी पुढं, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला घडा. झाकण घरीच राहिलं होतं, त्या फळीवर. पिशोरपर्यंत सगळ्या खड्ड्यांना मी त्याला दोन्ही हातांनी कवटाळून धरलं. मागं बाळ कुरकुर करत होतं आणि मला मान वळवूनही बघता येत नव्हतं.

विहीर शेताच्या बांधाला, चिंचेखाली. सकाळचं ऊन होतं. जाऊबाईंनी आधी सात दगडांना शेंदूर लावला, मग घड्याला माझ्याकडून मागून घेतलं, पाण्यानं स्वच्छ धुतलं आणि सपाट जागा बघून ठेवलं. ओटीत सात लिंबं आणली होती. एकेका बाईपुढं एकेक लिंबू ठेवायला लागल्या. कुंकवाचं बोट, लिंबू. बोट, लिंबू. घड्याभोवती बसल्या बसल्या सरकत फेर धरला. आणि पहिल्या लिंबापाशी परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक लिंबू उरलं होतं.

त्या हातातल्या लिंबाकडं बघत राहिल्या. परत फिरल्या. प्रत्येकीपुढं लिंबू होतंच. सहा बाया, सहा लिंबं.

"एक कुठं गेली गं?" त्यांनी मला विचारलं, मीच कुठं लपवून ठेवली असावी असं.

माझा नवरा बरोबर होता तर! मला सांगता आलं असतं, बाई, सातवी नव्हतीच कधी, कारखान्यातल्या साच्यात सहाच होत्या. पण जाऊबाईंचा चेहरा बघितला. ही बाई साप काठीनं उचलून टाकते, मी बघितलंय. ती घाबरली होती. महिनोन्‌महिने सातजणींना हात जोडले, आणि एक त्यात नव्हतीच. मग ती कुठं मोकळी फिरत होती? त्यांनी मान वळवून चिंचेखाली उभ्या लेकीकडं बघितलं, तिच्या हातातल्या बाळाकडं बघितलं. पुतणीनं बाळ आणखी घट्ट धरलं. तिलाही कळलं होतं. नवऱ्यानं 'मी म्हटलं नव्हतं?' म्हटलं असतं तर मी त्यालाच विहिरीत लोटला असता.

जाऊबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. माझ्यासमोर आल्या. माझ्याकडं बराच वेळ बघितलं. अशा त्या माझ्याकडं कधी बघत नाहीत. मग माझा पदर स्वतःच ओढून पसरला आणि त्यात ते उरलेलं लिंबू टाकलं. लेकीकडं गेल्या, बाळ घेतलं आणि आणून माझ्या दोन्ही हातांत ठेवलं.

"धर," म्हणाल्या. "सहाजणी पाण्यात चालल्या. एकीनं लेकरू धरायला नगं का?"

किती हलकी होती ती, आणि किती गरम. डोक्याला दुधाचा आणि तेलाचा वास. एक डोळा उघडा, एक मिटलेला. उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघत होती का चिंचेकडं, कोण जाणे. मी मान कशी धरायची ते विसरले, मग आठवलं. तिनं जांभई दिली. सगळं तोंड त्या जांभईत मावलं. मी रडत होते, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात विहिरीतून आवाज आला. डुबुक्‌. मी मान वर केली तेव्हा जाऊबाई पदराला हात पुसत काठावरून मागं येत होत्या. सहा लिंबं जमिनीवर गोल पडलेली, मधली जागा रिकामी.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर पोर दचकली असती.

जाऊबाई गावीच राहिल्या. येताना माझ्या मांडीवर टॉवेल होता आणि त्यावर लिंबू. फुलंब्री आल्यावर नवरा हसायलाच लागला. "वहिनींनी तुला बरोबर गंडवलं. दोन्ही हात गुंतवून टाकले तुझे!" मागून पुतणी चिडून म्हणाली, "काका, असं बोलू नका. आईनं मनापासून दिली." त्यावरून दोघांचं जुंपलं. मला दोघांचंही पटत होतं. आणि दुसरी एक गोष्ट आहेच: आसरा लेकरं राखतात, तशा धरूनही नेतात. मग जाऊबाईंनी मला सातवी ठरवलं तो मान होता की इतक्या वर्षांचा मनातला संशय? का दोन्ही? मी त्यांना विचारलं नाही. सव्वा महिन्याचा नियम असतो तसा आमच्या दोघींत न विचारायचा नियम आहे.

झाकण अजून वरच्या फळीवर आहे. त्यावर बाई नाही, नुसती वेल. चाचांना मी सांगितलं, घडा फुटला. ते हळहळले, म्हणाले, तसा परत दिसला तर ठेवतो. मी म्हटलं, नको.

आता पोरगी बसायला लागली आहे. पुतणी तिला घेऊन सिल्लोडहून येते, जाऊबाई गावाहून येतात, तेव्हा जाऊबाई दारातून आत आल्या आल्या पोरीला उचलून थेट माझ्या मांडीवर ठेवतात. "धर," एवढंच म्हणतात. मी धरते. आणि दर वेळी, पोरीकडं बघायच्या आधी, मी जाऊबाईंच्या हातांकडं बघते. रिकामे असतात.